रेडिओवर वाजलेल्या गाण्याचे आणि जिंगलचे स्वामित्वधन (रॉयल्टी) नेमके कोणाला मिळते?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मी गेली बावीस वर्षे जाहिरातींसाठी आणि रेडिओ केंद्रांसाठी जिंगल्स बांधतो आहे, आणि त्यासोबत काही गीतांनाही चाली दिल्या आहेत. या काळात नव्या संगीतकारांनी मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न असा, की आपले गाणे रेडिओवर लागल्याचे आपण स्वतःच्या कानांनी ऐकतो, मग त्याचे पैसे आपल्यापर्यंत का पोहोचत नाहीत. अनुभवाने मी एवढेच सांगू शकतो, की गाणे कितीही वेळा वाजले तरी पैसा नोंदीच्या मागोमाग चालतो. जिथे नोंद चुकते तिथे पैसा दुसऱ्याच्या दारी जातो किंवा वाटेतच अडकून पडतो. ही वाट मला जशी समजली तशी इथे मांडतो, आणि जाणकारांनी तीत भर घालावी अशी मनापासून विनंती करतो.

आरंभ दोन हक्कांपासून करावा लागतो. रेडिओवर एक गाणे ऐकू येते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र मालमत्ता एकाच वेळी वाजत असतात. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल, जी गीतकार व संगीतकार यांची निर्मिती असते. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचे एका विशिष्ट गायकाने विशिष्ट वाद्यमेळासह केलेले आणि सहसा ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचे असलेले रूप. तीच चाल तीन गायकांनी गायली तर रचना एकच राहते, मुद्रणे मात्र तीन होतात. म्हणूनच ओळख क्रमांकही दोन प्रकारचे असतात: मुद्रणाला बारा अक्षरांकांचा आयएसआरसी आणि रचनेला आयएसडब्ल्यूसी. आपल्या गाण्याला नंबर मिळाला म्हणून निर्धास्त झालेले अनेक संगीतकार मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात त्यांच्याकडे केवळ मुद्रणाचा क्रमांक असतो आणि रचनेची नोंद कोणीच केलेली नसते.

दिवसाला शेकडो गाणी वाजवणाऱ्या केंद्राला प्रत्येक गीतकाराला गाठून परवानगी घेणे शक्य नसते. म्हणून गीतकार व संगीतकार एकत्र येऊन संस्था स्थापन करतात, आणि ती संस्था आपल्या सगळ्या सदस्यांच्या सगळ्या रचना वाजवण्याचा सरसकट परवाना केंद्राला देते. त्याचे शुल्क बहुधा केंद्राच्या जाहिरात उत्पन्नाच्या टक्केवारीत ठरते किंवा संगीत किती तास वाजले त्यावर मोजले जाते. दिवसभर बातम्या आणि चर्चा प्रसारित करणाऱ्या केंद्राला साहजिकच कमी दर लागतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, की केंद्र पैसे भरते त्या क्षणी त्या पैशावर कोणत्याही गाण्याचे नाव नसते. तो एक सामाईक हंडा असतो, आणि त्यातून कोणाला किती ओतायचे हे नंतर, केंद्राने पाठवलेल्या वादन-नोंदीवरून ठरते.

समजा, संस्थेचा खर्च वजा जाता एका केंद्राच्या आठवड्याच्या शुल्कातून शंभर भाग उरले, आणि त्या आठवड्याच्या नोंदीत आठ हजार मिनिटांचे संगीत आहे. माझे चार मिनिटांचे गाणे चार वेळा वाजले असेल, तर माझी सोळा मिनिटे होतात आणि त्या गाण्याच्या वाट्याला त्या शंभर भागांपैकी एका भागाचा फक्त पाचवा हिस्सा येतो. तोही पुन्हा गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक असल्यास प्रकाशक यांच्यात नोंदवलेल्या प्रमाणानुसार वाटला जातो. प्रत्यक्षातील सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात. गाणे पूर्ण वाजले, निवेदनाखाली मंद सुरात वाजले, की जाहिरातीत वाजले, यानुसार त्याचे वजन बदलते, आणि जिंगलचे वजन जवळपास सर्वत्र पूर्ण गाण्यापेक्षा पुष्कळ कमी धरले जाते.

माझे स्वतःचे एक गाणे एका केंद्रावर काही महिने रोज सकाळी लागत असे. वर्षअखेरीच्या विवरणपत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. मी केंद्राकडून नोंदींची प्रत मिळवली, तेव्हा ते गाणे तिथे तीन निरनिराळ्या रूपांत आढळले: एकदा मुखड्याच्या पहिल्या तीन शब्दांनी, एकदा ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीने, आणि एकदा केवळ कार्यक्रमाच्या नावाने. संस्थेकडे मी नोंदवलेले शीर्षक या तिन्हींहून वेगळे होते. संगीतकाराच्या रकान्यात वाद्यमेळ संयोजकाचे नाव होते. गाणे वाजले होते, केंद्राने शुल्क भरले होते, संस्थेने वाटपही केले होते. आणि तरीही माझा व गीतकाराचा वाटा न जुळलेल्या नोंदींच्या ढिगात जाऊन पडला. ठरलेल्या मुदतीत दावा केल्यामुळे त्यातील काही भाग परत मिळाला, उरलेला मुदत उलटल्यामुळे बुडाला.

नभोवाणी_सेवक

मंद्रसप्तक यांनी मांडलेली अडचण मला केंद्राच्या बाजूने रोज दिसते. मी एका खासगी केंद्राच्या संगीत विभागात गाण्यांचे वेळापत्रक लावण्याचे काम करतो. आमच्या सॉफ्टवेअरमधील एक ओळ कशी दिसते ते सांगतो, म्हणजे दोष कुठे शिरतो हे ध्यानात येईल. सकाळी ०७:४२:१५, फाइल क्रमांक, शीर्षक, अल्बम, गायक, कालावधी ०३:५१. त्यापुढे संगीतकार आणि गीतकार असे दोन रकाने आहेत, परंतु ते भरल्यावाचूनही गाणे वेळापत्रकात बसते आणि वाजते. श्रोत्यांना गायकाचे नाव सांगायचे असते, म्हणून गायकाचा रकाना कधी रिकामा राहत नाही. ज्याच्यावाचून काम अडत नाही तो रकाना घाईत राहून जातो, आणि एकदा राहिलेला रकाना मग वर्षानुवर्षे तसाच पुढे पाठवला जातो, कारण फाइल एकदा चढवली की तिच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही.

दुसरी बाब अशी, की वेळापत्रकात असलेले आणि प्रत्यक्ष वाजलेले यांत फरक पडतो. बातमी लांबली की गाणे दुसऱ्या अंतऱ्यापूर्वी उतरवले जाते, तर कधी ते पूर्णपणे वगळले जाते. आमची प्रणाली प्रत्यक्ष वादनाची नोंद वेगळी ठेवते, परंतु अनेक ठिकाणी वेळापत्रकाची नोंदच संस्थेकडे पाठवली जाते.

जिंगलच्या बाबतीत तर दोन वेगळे विभागच आहेत. केंद्राच्या नावाची गायलेली जिंगल, दोन गाण्यांना जोडणारे स्वीपर, निवेदनाखालचे बेड हे सारे आमच्याकडे ‘आयडी ०४ जलद’ अशा नावांनी साठवलेले असते. जाहिरातीची जिंगल मात्र आमच्या विभागात येतच नाही. ती ट्रॅफिक विभागात, म्हणजे जाहिरातींचे वेळापत्रक लावणाऱ्या विभागात, स्पॉट म्हणून येते, आणि तिथल्या ओळीत ग्राहकाचे नाव, सेकंद, दर आणि दिवसातील वेळा एवढेच असते, कारण ती नोंद बिल करण्यासाठी ठेवलेली असते. संस्थेकडे आम्ही संगीत विभागाची नोंद पाठवतो. म्हणजे वीस सेकंदांची एखादी चाल दिवसातून तीस वेळा वाजली तरी ज्या कागदावरून स्वामित्वधन वाटले जाते त्या कागदावर ती एकदाही उमटत नाही.

श्रोता_एकशेसात

माझा प्रश्न कदाचित प्राथमिक वाटेल, तरीही तो प्रामाणिकपणे विचारतो. केंद्राने गाण्याची प्रत रीतसर घेतलेली असते. शिवाय रेडिओवर लागल्यामुळेच गाणे लोकांपर्यंत पोहोचते आणि पुढे त्याला कार्यक्रम व विक्री मिळते. मग केंद्राने पुन्हा पैसे का द्यावेत? किंबहुना प्रसिद्धीबद्दल केंद्रालाच काही मिळायला नको का?

मंद्रसप्तक

हा प्रश्न जितका प्राथमिक आहे तितकाच जुना आहे, आणि या सगळ्या संस्थांचा जन्मच त्यातून झाला आहे. १८४७ साली पॅरिसमधील कॅफे दे झांबासादेरमध्ये एर्नेस्त बुर्जे हे रचनाकार आपल्या मित्रांसह बसले होते आणि तिथला वाद्यवृंद त्यांच्याच रचना वाजवत होता. बिल देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ते नाकारले. तुम्ही आमच्या संगीताचे पैसे देत नाही, मग आम्ही तुमच्या पेयाचे का द्यावेत, असा त्यांचा मुद्दा होता. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल रचनाकारांच्या बाजूने लागला, आणि त्यातूनच १८५१ मध्ये सासेम ही रचनाकारांची संस्था उभी राहिली. अमेरिकेत अ‍ॅस्कॅप ही तशीच संस्था १९१४ मध्ये स्थापन झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात १९१७ साली एका उपाहारगृहाने असाच बचाव केला होता, की संगीतासाठी आम्ही वेगळे तिकीट लावत नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी सांगितले, की संगीत हा त्या संपूर्ण सेवेचा भाग आहे आणि ग्राहक जे पैसे देतो त्यात त्याचीही किंमत असते. रेडिओला हेच तंतोतंत लागू पडते. श्रोता गाण्यासाठी केंद्र लावतो, आणि त्याच्या कानांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातदार केंद्राला पैसे मोजतो.

प्रत विकत घेणे आणि ती लोकांना ऐकवण्याचा हक्क मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राकडे असलेली तबकडी केंद्राच्या मालकीची असते, परंतु तीवरील चाल लाखो लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क त्या किमतीत आलेला नसतो.

प्रसिद्धीचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण अमेरिकेत तो आजही टिकून आहे. तिथे एएम आणि एफएम केंद्रे गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधन देतात, परंतु ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आणि गायकाला काहीही देत नाहीत. रेडिओमुळे मुद्रणाची विक्री वाढते, हेच समर्थन तिथे दशकानुदशके दिले जात आले आहे. तेच गाणे इंटरनेट रेडिओवर वाजले की मात्र साउंडएक्स्चेंज या संस्थेमार्फत पैसे द्यावे लागतात, आणि त्यातील पन्नास टक्के मुद्रणाच्या मालकाला, पंचेचाळीस टक्के मुख्य कलाकाराला आणि पाच टक्के साथीच्या कलाकारांना मिळतात. लहरींवरून आलेला आवाज फुकट आणि तारेतून आलेला तोच आवाज सशुल्क, हा भेद मला कोणत्याही तर्काने पटत नाही. १९६१ च्या रोम कराराच्या बाराव्या कलमाने कलाकार व मुद्रणनिर्माते यांना प्रसारणाबद्दल न्याय्य मोबदल्याचा मार्ग मोकळा केला, परंतु अमेरिका त्या करारात सामील नाही. त्यामुळे अनेक देश परस्परतेच्या तत्त्वावर अमेरिकी मुद्रणांचा त्या वाट्यातील हिस्सा रोखून धरतात, आणि नुकसान शेवटी गायकाचेच होते.

केंद्रे आणि संस्था यांचे बिनसले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अ‍ॅस्कॅपने दरवाढ मागितली, तेव्हा प्रसारकांनी १९३९ मध्ये बीएमआय ही स्वतःची संस्था काढली, आणि १९४१ च्या जानेवारीपासून सुमारे दहा महिने बहुतेक मोठ्या केंद्रांनी अ‍ॅस्कॅपची गाणी वाजवलीच नाहीत. त्या काळात हक्काची मुदत संपलेली स्टीफन फॉस्टर यांची एकोणिसाव्या शतकातील गाणी रात्रंदिवस वाजत राहिली. या भांडणाचा एक चांगला परिणाम असा झाला, की अ‍ॅस्कॅपने आजवर दाराबाहेर ठेवलेल्या ग्रामीण आणि कृष्णवर्णीय रचनाकारांना बीएमआयच्या रूपाने प्रथमच वाट्याचा मार्ग सापडला.

कलम_वाचक

भारतातील स्थितीबद्दल थोडे लिहितो, कारण वरील दोन हक्कांचा भेद आपल्याकडे फार मोठ्या किमतीला शिकावा लागला आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आणि आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ ची. परंतु १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, करारात वेगळे काही नसेल तर, चित्रपटनिर्माताच असतो. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जोडलेले टिपण मला आजही महत्त्वाचे वाटते. गायकाच्या गाण्याला कायद्यात स्थानच नसणे ही उणीव आहे आणि संसदेने ती दूर करावी, असा त्याचा आशय होता. कलाकाराचा हक्क कायद्यात येण्यास त्यानंतर १९९४ साल उजाडले.

मधल्या काळात गीतकार व संगीतकार एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क सोडून देत राहिले. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीची बाजू मांडली होती, हे अनेकांना आठवत असेल. आता चित्रपटातील किंवा ध्वनिमुद्रणातील शब्द व चाल यांचा हक्क दुसऱ्याला दिला, तरी स्वामित्वधनातील निम्म्या वाट्याचा हक्क गीतकार-संगीतकाराला सोडता येत नाही. तो केवळ वारसाला किंवा नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो, आणि त्याविरुद्ध लिहून घेतलेला करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजणे एवढाच याला अपवाद आहे.

त्याच दुरुस्तीने कलम ३१-ड आणले. त्यानुसार प्रसारक आगाऊ सूचना देऊन आणि ठरवलेल्या दराने पैसे भरून, मालकाच्या वैयक्तिक संमतीवाचून, प्रकाशित संगीत वाजवू शकतो. मात्र त्यासोबत तीन कर्तव्ये येतात, आणि त्यांबद्दल फारसे बोलले जात नाही. रचनाकारांची आणि मुख्य कलाकारांची नावे प्रसारणासोबत सांगणे, प्रसारणाच्या सोयीसाठी रचना लहान करणे किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक बदल यांपलीकडे संमतीवाचून रचनेत फेरफार न करणे, आणि हिशेब ठेवून मालकांना अहवाल देणे ही ती कर्तव्ये होत. नभोवाणी_सेवक यांच्या सॉफ्टवेअरमधील रिकामा रकाना या तिसऱ्या कर्तव्याशी थेट संबंधित आहे, आणि निवेदकाने संगीतकाराचे नाव गाळणे पहिल्याशी.

दराबाबत सांगायचे, तर ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने ध्वनिमुद्रणांसाठी केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर ठरवला होता. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने नवे दर जाहीर केले, आणि त्यात गीत-संगीताचा विचार मुद्रणाहून वेगळा केला. मुद्रणाचे पैसे दिले की त्यातच रचनेचे पैसे आले, हा केंद्रांचा युक्तिवाद मात्र चालूच राहिला. २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो नाकारला आणि २०१२ नंतर रचनाकारांचा वाटा स्वतंत्रपणे देय असल्याचे स्पष्ट केले. दुरुस्तीपासून या निकालापर्यंत जवळजवळ अकरा वर्षे गेली, आणि त्या अवधीत वृद्ध झालेल्या किंवा निवर्तलेल्या गीतकारांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

श्रुतिधारा

मी जिंगलगायिका आहे. वरील चर्चेत रचनाकाराची बाजू आली, म्हणून गाणाऱ्यांची बाजू मांडते.

केंद्राच्या नावाची जिंगल कशी होते ते प्रथम सांगते. आम्ही चौघे दोन माइकभोवती उभे राहतो. केंद्राचे नाव पाच सुरांवर बसवलेले असते. प्रत्येक पट्टी दोनदा गाऊन एकावर एक चढवली जाते, म्हणजे चौघांचा आवाज आठ जणांचा वाटतो. मग त्याच वाद्यमेळावर सकाळचे रूप, रात्रीचे रूप, हवामानापूर्वीचे रूप अशी दहा-बारा रूपे तासाभरात गाऊन होतात. ही पद्धत डॅलसमधील पॅम्स या कंपनीने १९५० च्या दशकापासून रुळवली. तिथे एकच वाद्यमेळ तयार करून निरनिराळ्या शहरांतील केंद्रांसाठी फक्त नाव बदलून पुन्हा गाऊन दिले जाई, आणि एका शहरात तो संच एकाच केंद्राला मिळे. म्हणजे तो व्यवहार विक्रीपेक्षा भाड्याच्या अधिक जवळचा होता. ठराविक प्रदेश आणि ठराविक मुदत यांसाठी वापराचा हक्क दिला जात असे.

माझ्या बाबतीत व्हाउचरवर एकच ओळ होती: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व जगभर, कायमस्वरूपी. मी तिच्याखाली सही केली, कारण रक्कम वेळेवर मिळत होती आणि बाहेर पुढची मंडळी थांबली होती. ती जिंगल नऊ वर्षे वाजली. मधल्या काळात दुसऱ्याच एका केंद्रावर तोच वाद्यमेळ, आमचे मागचे आलाप तसेच ठेवून आणि फक्त नाव नव्याने गाऊन, वाजताना मी स्वतः ऐकला. विचारणा केली तेव्हा मला तीच ओळ दाखवण्यात आली.

अमेरिकेत कलाकार संघटनेच्या करारानुसार रेडिओ जाहिरातीतील गायकाचे मानधन तेरा आठवड्यांच्या आवर्तनाला बांधलेले असते. जाहिरात पुढे चालवायची असेल तर पुन्हा पैसे द्यावे लागतात. मला ही कल्पना फार न्याय्य वाटते, कारण तिच्यात आवाजाचा मोबदला त्याच्या वापराबरोबर वाढतो. अशी मुदत आपल्या करारात मागता येते का, हे जाणकारांनी सांगावे.

कलम_वाचक

श्रुतिधाराताई, मुदत अवश्य मागता येते, आणि कायदाही तुमच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. रचनेच्या हस्तांतरणाचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती स्वामित्वधन हे लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ नंतर आणखी एक तरतूद आली, की करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेले माध्यम त्यात स्पष्ट नाव घेऊन लिहिलेले नसेल, तर त्याला तो लागू होत नाही. तुमच्या व्हाउचरवर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द होते, म्हणून पहिल्या दोन गृहीतकांचा लाभ तुम्हाला मिळाला नाही. ज्यांच्या कागदावर असे काहीच लिहिलेले नाही, त्यांनी मात्र तो कागद फेकून देऊ नये. गायकांसाठी कलम ३८-अ आहे. व्यापारी वापर झाल्यास कलाकाराला स्वामित्वधनाचा हक्क आहे असे ते म्हणते, आणि तो गोळा करण्यासाठी गायकांची इस्रा (आताचे नाव इसम्रा) ही संस्था २०१३ मध्ये नोंदवली गेली.

जाहिरातीत लोकप्रिय गाणे वापरण्याबद्दलही लिहायला हवे, कारण तिथे केंद्रांचा आणि जाहिरात संस्थांचा गैरसमज फार पसरलेला आहे. केंद्राचा सरसकट परवाना गाणे गाणे म्हणून ऐकवण्यासाठी असतो. त्याच गाण्याची ओळ एखाद्या वस्तूच्या जाहिरातीला जोडायची असेल, तर रचनेच्या मालकाची आणि मूळ मुद्रण वापरल्यास त्याच्या मालकाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. हा पैसा हंड्यात न जाता थेट त्या मालकांकडे जातो, म्हणून तो बहुधा मोठाही असतो. अमेरिकेत एका चिप्सच्या रेडिओ जाहिरातीत टॉम वेट्स यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा गायक वापरला गेला होता. वेट्स यांनी जाहिरातींना आवाज न देण्याची भूमिका जाहीरपणे घेतलेली होती. ज्युरीने त्यांना वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम देवविली आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तिचा बहुतांश भाग कायम ठेवला. त्यापूर्वी बेट मिडलर यांच्या प्रकरणात तर जाहिरात संस्थेने रचनेचा परवाना रीतसर घेतला होता, तरीही आवाजाच्या नकलेबद्दल तिला भरपाई द्यावी लागली.

मंद्रसप्तक

यात माझ्या कामातील सवयीची भर घालतो. जाहिरातीच्या जिंगलसाठी मी आता दोन आकडे वेगळे लिहून घेतो: एक बांधणीचे मानधन आणि दुसरा वापराचा. वापराच्या आकड्यापुढे केंद्रे, प्रदेश आणि महिने लिहितो. प्रसारण स्वामित्वधनातील माझा वाटा माझ्याकडेच राहील, असे एक वाक्य त्याखाली घालतो. जाहिरात संस्थांना या वाक्याची धास्ती वाटते. आपल्यालाच दरवेळी पैसे मोजावे लागतील, असे त्यांना वाटते. हा वाटा केंद्र भरत असलेल्या सरसकट शुल्कातूनच येतो, जाहिरातदाराच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही, हे शांतपणे समजावले की बहुतेक जण सही करतात.

मग मी जिंगलची नोंद तिच्या पहिल्या ओळीने, उत्पादनाच्या नावाने आणि सेकंदांसह करतो, आणि मोहीम संपल्यावर प्रसारणाचे वेळापत्रक मागून घेऊन संस्थेकडे पाठवतो. ट्रॅफिक विभागाची नोंद संस्थेकडे जात नाही असे नभोवाणी_सेवक यांनी लिहिले आहे, म्हणून तो दुवा आपणच जोडावा लागतो. स्वयंचलित ध्वनि-ओळख प्रणाली आता पूर्ण गाणी चांगली ओळखतात, परंतु निवेदकाच्या आवाजाखाली दबलेल्या आठ सेकंदांच्या चालीवर विसंबून राहण्याइतका माझा त्यांच्यावर विश्वास बसलेला नाही.

वारसा_जपणारी

माझे वडील गीतकार होते. त्यांना जाऊन चौदा वर्षे झाली. त्यांची गाणी अजून रेडिओवर लागतात. निवेदक कधी त्यांचे नाव घेतात, कधी नाही. ते कोणत्याही संस्थेचे सदस्य नव्हते. आमच्याकडे त्यांच्या वह्या आहेत आणि काही जुनी पत्रे आहेत, करार मात्र एकही नाही. आता काही करता येईल का?

मंद्रसप्तक

ताई, नक्कीच करता येईल. भारतात शब्दांचा हक्क गीतकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे तुमच्या हाती अजून पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. वारस म्हणून तुम्हाला आयपीआरएसकडे अर्ज करता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारी कागदपत्रे लागतील. करार नसणे ही नेहमीच वाईट गोष्ट नसते. सही केलेला कागदच नसेल, तर हक्क सोडल्याचे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर येतो. चित्रपटासाठी लिहिलेली जुनी गीते मात्र १९७७ च्या निकालामुळे वेगळी तपासावी लागतील.

सर्वप्रथम एक यादी करा. वहीतील प्रत्येक गीतापुढे मूळ शीर्षक, मुखड्याची पहिली ओळ, ध्रुवपद, संगीतकार, गायक, आणि ते ज्या अन्य नावांनी ओळखले जाते ती सगळी नावे लिहा. पर्यायी शीर्षकांचा रकाना अजिबात रिकामा सोडू नका, माझे गाणे त्याच रकान्यातून निसटले होते.

नभोवाणी_सेवक

ताई, आपल्या वडिलांच्या गीतांची यादी तयार झाली की मला कळवा. आमच्या संग्रहातील ज्या फाइलींपुढे गीतकाराचा रकाना रिकामा आहे, त्या मी या आठवड्यात काढायला घेतल्या आहेत. आजपर्यंत चारशे बारा निघाल्या. त्यांतील बऱ्याच गाण्यांची नावे मला स्वतःला ठाऊक आहेत, उरलेल्यांसाठी मला आपल्या वहीचा उपयोग होईल.